निळा धूर आणि झिजलेला सिलिंडर

अमेरिकेतील 'कब कॅडेट' या बागेच्या छोट्या ट्रॅक्टरांवर 1961 पासून बसवली गेलेली कोहलर कंपनीची एक सिलिंडरची 'के' मालिकेतील इंजिने आजही दुरुस्त होतात, कारण त्यांचा ओतीव लोखंडी सिलिंडर झिजल्यावर पुन्हा बोअर करता येतो. सायलेन्सरमधून सतत निळा धूर येऊ लागला, की वंगणाचे तेल जळत आहे एवढे कळते. पण दोष नेमका कोठे आहे हे केवळ दाबमापकाने ठरत नाही, कारण इंजिन सहज सुरू व्हावे म्हणून झडप क्षणभर किंचित उघडी ठेवणारी यंत्रणा यांतील बहुतेकांत असते आणि तिच्यामुळे दाब कमी दिसतो. म्हणून पिस्टन संपीडनाच्या वरच्या टोकाला अडवून, स्पार्क प्लगच्या छिद्रातून दाबाखालील हवा सोडून कान देणे अधिक खात्रीचे ठरते: सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर निकास झडप, कार्ब्युरेटरमध्ये आली तर आवक झडप, आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून जोराने आली तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला असतो.

बोअर केल्यानंतर होनिंग करून सिलिंडरच्या भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडतात. त्यानंतरची धुलाई हा सर्वांत दुर्लक्षित, पण निर्णायक टप्पा होय. रॉकेलने घासकणांचा चिकटलेला थर पुरता निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरून, पांढरे फडके भिंतीवर फिरवल्यावर स्वच्छ राहील इतके धुवावे लागते आणि गंज धरण्याआधी लगेच तेल लावावे लागते.