अंधार, जनुक आणि कार्यकारणभाव

वसतिगृहात कधी कधी एखादा विद्यार्थी असा येतो, जो सायंकाळच्या वंदनेनंतर भोजनगृहाकडे जाताना भिंत चाचपतो, पायरीवर ठेचाळतो. सोबती हसतात. अशाच एका मुलाला आम्ही पूर्वी ‘वेंधळा’ म्हणून रागावलो होतो. त्याच्या आजीने ते मागील जन्मीचे पाप ठरविले होते. चूक दोघांचीही होती.

आपल्या दृष्टिपटलातील शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात रंग दाखवितात. सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात. दंडाकार पेशीतील ऱ्होडॉप्सिनवर प्रकाशकण पडला, की ते ट्रान्सड्युसिन या प्रथिनास जागे करते. त्यातून विकरांची साखळी सुरू होते, पेशीपटलातील मार्गिका बंद होतात आणि या बदलाचा संदेश पुढील पेशींमार्फत मेंदूपर्यंत जातो. यातील एक दुवा जरी सदोष असला, तरी रात्र काळोखी होते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस एका वंशावळीचे विशेष वाटते. सतराव्या शतकात फ्रान्समधील माँपेलिएजवळच्या वेंदेमियाँ गावी ज्याँ नुगारे नावाचा खाटीक राहत होता. त्याला रात्री दिसत नसे. १८३८ मध्ये क्युनिए यांनी त्याच्या वंशजांची नोंद प्रसिद्ध केली. १९०७ मध्ये नेटलशिप यांनी ती नऊ पिढ्यांपर्यंत नेली. अखेर १९९६ मध्ये कारण सापडले : ट्रान्सड्युसिनचा एक भाग घडविणाऱ्या ‘जीएनएटी-१’ या जनुकात झालेला एकच बदल. त्यामुळे त्या प्रथिनातील अडतिसावे अमिनो आम्ल बदलले होते. हा दोष माता किंवा पिता यांपैकी एकात असला, तरी प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. दिवसाची दृष्टी मात्र शाबूत राहते आणि दोष सहसा वाढत नाही.

सर्व रातांधळेपणा असा नसतो. ऱ्होडॉप्सिन घडण्यास अ जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावाने आलेला रातांधळेपणा वेळीच उपचार केल्यास बरा होतो. काही आनुवंशिक विकारांत दृष्टी हळूहळू कमी होत जाते. म्हणून पालकांनी अंगारे-धुपारे न करता मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

तथागतांनी प्रत्येक घटनेमागील हेतू-प्रत्यय शोधावयास शिकविले. आजच्या दुःखाचे खापर गतजन्मावर फोडणारा सिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला. जनुकात पाप नसते, पुण्यही नसते. अंधारात ठेचाळणाऱ्या मुलाला दोष न देता त्याचा हात धरावा, पायरीवर दिवा लावावा आणि कारण शोधावे. आम्हांस हे उशिरा उमगले. आपणांस तसा उशीर न होवो.