नाव बदललं म्हणजे सुटलो?

दिवाळी अंकाची तयारी सुरू झाली की संपादकांचा फोन येतो, "वकीलसाहेब, एखादी रंगतदार केस लिहा की!" १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे पक्षकार इथं येऊ लागले आणि बाररूममधले किस्सेही वाढले. किस्सा सांगणाऱ्यांची मात्र एक ठाम समजूत असते: निकाल लागला, फी मिळाली, आता लिहायला हरकत कसली?

हरकत आहे. १८७२च्या पुरावा कायद्यातलं १२६वं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ म्हणून आलं. दोन्हींत एकच सांगितलंय: वकीलपत्र संपलं तरी गुप्ततेचं बंधन संपत नाही. पक्षकारानं सांगितलेलं तर नाहीच, पण वकिलानं स्वतः दिलेला सल्लाही उघड करता येत नाही. कारकुनालाही हेच लागू. हे कलम साक्षीपुरतं आहे असं म्हणून पळवाट काढावी, तर बार कौन्सिलचा नियम १७ आड येतो. तिथं हेच बंधन व्यवसायाचा नियम म्हणून घातलंय. भंग झाला तर ताकीद, निलंबन, अगदी सनद जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

दुसरी समजूत जास्त घातक: नाव बदललं की झालं. समजा, मी लिहिलं, 'पन्हाळा तालुक्यातला एक गुऱ्हाळमालक, तीन भाऊ, धाकटी सून शिक्षिका, बांधावरून दावा.' पुण्याच्या वाचकाला ही गोष्ट वाटेल. गावातल्या पारावर दुसऱ्या ओळीला नाव निघेल, आणि त्या सुनेनं मला विश्वासानं सांगितलेलं तिच्या जावेला अंकातून कळेल. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख पटेल असा तपशीलही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

मग खटल्यांवर लिहूच नये का? तसंही नाही. रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. हे निकालपत्रांत आहे. त्यावर कुणीही लिहावं. बचावाच्या वकिलाशी त्या जे बोलल्या असतील, ते मात्र त्याच्यापाशीच राहायला हवं. घटस्फोटाच्या दाव्यांना हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ आडवं येतं: कामकाज छापल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. रक्कम वाचून हसू येईल, पण बंदी ती बंदीच.

राहिली संमती. कायदा 'स्पष्ट संमती' म्हणतो, लेखीच हवी असं नाही. तरी "लिवा की, आमचं काय जातंय" एवढ्यावर जाऊ नका. मजकूर पक्षकाराला वाचून दाखवा, खाली सही घ्या, आणि त्यानं एखादा परिच्छेद काढायला सांगितला तर वाद न घालता काढा.