ओल्या गादीचा मागोवा

नांदगाव तालुक्यात ब्रॉयलरच्या शेडमध्ये शिरल्यावर आधी पायाखालचा तूस मुठीत घेऊन दाबून पाहावा. मूठ उघडताच तो भुरभुरला, तर पक्ष्यांची पोटं ठीक आहेत. गोळा तसाच राहिला, तर कुठेतरी बिघडलंय. ही परीक्षा जुनीच आहे. तुसाची ही गादी ओली का होते, याचं उत्तर मात्र गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेलं.

1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे या धंद्याचं केंद्र झालं आणि महाराष्ट्रात कुक्कुटपालन परसातून शेडमध्ये आलं. तेव्हाच्या खाद्यात मका, शेंगदाणा पेंड आणि सुकी मासळी असे. शेंगदाणा पेंडीत लायसीन आणि मेथिओनीन ही अमिनो आम्लं कमी, शिवाय बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनचं भय. ती उणीव मासळी भरून काढायची, पण तिच्यासोबत वाळू, मीठ आणि साल्मोनेलाही पोत्यात यायचे. नंतर विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरलं आणि सोयापेंडीने दोघींची जागा घेतली. सोयात लायसीन चांगलं, मेथिओनीन मात्र तुटपुंजं. म्हणून मका-सोयाच्या भरड्यात पहिली तूट पडते ती मेथिओनीनची.

ती तूट भरायला पेंड वाढवली जाई, आणि दुखणं तिथूनच सुरू होई. एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची कितीही असोत, मांस त्या एकाच्या मापानेच बनतं. उरलेली वाया जातात. त्यांतला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतो आणि तो टाकण्यासाठी पक्षी जास्त पाणी पितो. जे प्रथिन पचलंच नाही, ते मागच्या आतड्यात जंतूंचं खाद्य होतं. त्यांतलाच क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स माजला की लहान आतड्याचं अस्तर कुजवतो. विष्ठा पातळ होते, तूस भिजतो, अमोनिया डोळ्यांना झोंबतो, तळपायाला फोड येतात. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे परजीवीही फोफावतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यात जादा प्रथिनाची किंमत पेंडीच्या बिलासोबत पाण्यातही मोजावी लागते.

यावरचा उपाय दुसऱ्याच वाटेने आला. 1956च्या सुमारास जपानमध्ये किनोशिता यांच्या चमूला ग्लुटामिक आम्ल बनवणारा एक जिवाणू सापडला. त्याच घराण्यातल्या जिवाणूंकडून पुढे आंबवून लायसीन मिळू लागलं. मेथिओनीन रसायनांच्या कारखान्यात तयार होऊ लागलं, नंतर थ्रिओनीनही परवडू लागलं. थ्रिओनीनचं महत्त्व मला सर्वांत जास्त वाटतं. आतड्याला आतून लेपणाऱ्या बुळबुळीत थरात ते भरपूर असतं आणि खाद्यातल्या थ्रिओनीनचा मोठा वाटा आतडं स्वतःसाठीच राखतं. ते कमी पडलं की लेप पातळ होतो आणि जंतूंना वाट मोकळी मिळते.

तरीही हा हिशेब बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला, कारण खाद्यातलं प्रतिजैविक तो झाकत होतं. आतडं बिघडलं तरी वजन येत होतं. युरोपने वाढीसाठीची प्रतिजैविकं 1 जानेवारी 2006 पासून बंद केली. 2014 साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने राजधानी परिसरातले कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. बंदी योग्यच होती. माणसासाठी राखलेलं शेवटचं औषध कोंबडीच्या खाद्यात घालायला नकोच होतं. पण झाकण निघालं आणि आतड्याची खरी स्थिती दिसू लागली.

त्यानंतरची वर्षं कठीण गेली. 2020च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोनाच्या अफवेने चिकनचे भाव कोसळले. 2021च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला 10 हजारांपर्यंत गेलं आणि सरकारला 12 लाख टन सोयापेंड आयात करू द्यावी लागली. कमी पेंडीत खाद्य बसवायचं तर अमिनो आम्लांशिवाय मार्ग नव्हता. आता इथेनॉलमुळे मक्यालाच दुसरं गिऱ्हाईक मिळालं आहे आणि त्या कारखान्यांचा वाळवलेला चोथा खाद्यात येतो आहे. त्याच्या लेबलावर प्रथिनाचा आकडा मोठा असतो, पण लायसीन कमी, आणि वाळवताना आच जास्त लागली तर असलेलंही पचत नाही. नुसता प्रथिनाचा टक्का पाहून खाद्य घेणारा इथेच फसतो.

अमिनो आम्लं ही ताकदीची बाटली नव्हे. खाद्यात तूट नसताना ती पाण्यातून पाजली, तर पक्षी जादा नायट्रोजन गादीवरच टाकणार. उलट पेंड फारच कमी करून सगळी भिस्त अमिनो आम्लांच्या पुड्यांवर ठेवली, तर ग्लायसीनसारखी, कुणी न मोजलेली अमिनो आम्लं कमी पडतात. करारावर पक्षी वाढवणाऱ्याला खाद्य निवडता येत नाही, पण विचारता नक्की येतं. पुढच्या लॉटचं पोतं उतरवून घेताना प्रथिनाच्या टक्क्यावर थांबू नका. पचनीय लायसीन, मेथिओनीन आणि थ्रिओनीन किती आहे, ते लेखी मागा.