खार, वरकस आणि मुन्सेलची रंगपट्टी

ठाणे-कल्याणच्या शेतकऱ्याने सर्वेक्षण येण्याआधीच मातीला नावं दिली होती. खाडीकाठची ती खार, डोंगरउताराची ती वरकस. कळव्याजवळच्या खारेगावच्या नावात तर हा शब्द आजही ऐकू येतो.

नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ पासून हेच काम मोजमापाने करते आहे. आधी खड्डा खणून उभ्या कापातले थर पाहायचे, ढेकळाचा रंग मुन्सेलच्या रंगपट्टीशी जुळवायचा, मग प्रयोगशाळेत वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण काढायचं. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण म्हणजे चिकणमाती. ओली माती अंगठ्याने दाबत पुढे सरकवली आणि लांब पट्टी निघाली, तर चिकणमाती भरपूर. लगेच तुटली, तर कमी. डोंबिवलीच्या गॅलरीतल्या कुंडीतही करून बघा!

सगळीकडे मोजण्याची रीत एकच, म्हणून तुलना जमते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की माती खारवट, मग ती ठाण्याची असो वा सुंदरबनची.

२०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत असे १२ घटक असतात. मुरबाड-शहापूरकडे तुमची भातशेती असेल, तर ती पत्रिका जरूर काढून वाचा.