पॉवर टिलर बंद पडल्यास प्रथम काय पाहावे?

कोकणातील व सह्याद्रीच्या पायथ्याच्या भातशेतीत चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. खाचरात पाणी साठलेले आहे, रोपे लावणीस आली आहेत, लावणीची माणसे ठरली आहेत, अशा वेळी पॉवर टिलर बंद पडला तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. वाफ्यातील रोपे जून होतात, जून रोपांना फुटवे कमी येतात आणि त्या दोन-चार दिवसांच्या खोळंब्याची किंमत सुगीच्या वेळी मोजावी लागते.

पूर्वी खाचरात बैलजोडी थकली तर शेतकऱ्यास तिचे दुखणे ओळखता येत असे. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनेक शेतकऱ्यांनी अनुदानावर टिलर घेतले. ह्या यंत्राचे दुखणे ओळखण्याची सवय मात्र तितक्या वेगाने वाढलेली नाही. टिलर अडला की हँडल मारून दमावे आणि नंतर मिस्त्रीची वाट पाहत बसावे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी दिसतो. ऐन हंगामात टिलर अडतो तो बहुधा एखादा गिअर तुटल्यामुळे नव्हे, तर डिझेलमध्ये शिरलेली हवा किंवा पाणी, तुंबलेली गाळणी अथवा सैल पडलेला पट्टा अशा साध्या कारणांमुळे. ती कारणे ठराविक क्रमाने तपासली तर बरेचसे दोष बांधावरच दूर होतात. सोपे व बिनखर्चाचे ते आधी पाहावे, अवघड व खर्चाचे ते शेवटी पाहावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा तो क्रम होय.

इंजिन सुरू होत नसल्यास

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा जोराने दाबली जाऊन तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून स्वच्छ हवा, वेळेवर मिळणारे डिझेल आणि पुरेसा दाब ह्या तीनच गोष्टी तपासावयाच्या असतात.

प्रथम टाकीतील डिझेल व टाकीखालचा कॉक पाहावा. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते. मग वरून डिझेल ओतले तरी इंजिन सुरू होत नाही. ज्यांच्या घरी विहिरीवर डिझेलचे इंजिन होते त्यांना हा दोष नवा नाही. हवा काढताना टाकीकडून इंजिनाकडे जावे. गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की तो घट्ट करावा. नंतर इंधनपंपावरील स्क्रूच्या बाबतीत तसेच करावे. शेवटी नॉझलकडे जाणाऱ्या नळीचे नट किंचित सैल करून हँडल फिरवावे आणि डिझेल येताच नट आवळावे. हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर नळीच्या जोडावरील वॉशर खराब झाला आहे किंवा नळीस चीर गेली आहे, असे समजावे.

डिझेल नीट येत असेल तर दाब पाहावा. दाब सोडण्याची कळ मोकळी ठेवून हँडल सावकाश फिरवले असता एका ठिकाणी जोराचा अडथळा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर झडपा, रिंगा किंवा हेडचे गॅस्केट सदोष असते. हे काम कार्यशाळेचे आहे. तेथे हँडल मारून श्रम वाया घालवू नयेत.

धुराचा रंग काय सांगतो?

इंजिन सुरू होऊनही जोर करीत नसेल तर धुराकडे लक्ष द्यावे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. एअर क्लीनर तुंबला आहे, नॉझल नीट फवारत नाही किंवा यंत्रावर भार जास्त पडतो आहे. निळसर धूर म्हणजे इंजिनातील तेल जळत आहे. तेल खुणेच्या वर भरले आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. थंड इंजिनातून सुरुवातीस थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. परंतु तो थांबत नसेल तर डिझेलमध्ये पाणी मिसळले असण्याचा किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरत असल्याचा संभव असतो.

कोरड्या, धुळीच्या जमिनीत काम करताना एअर क्लीनर रोज उघडून पाहावा. तेलाचा एअर क्लीनर असल्यास त्यातील गढूळ तेल काढून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. एअर क्लीनर काढून ठेवून टिलर चालविण्याचा मोह कदापि धरू नये. धुळीतील बारीक वाळू रिंगा व सिलिंडर घासून टाकते आणि काही तासांची सोय मोठ्या दुरुस्तीस कारण होते.

इंजिन तापत असल्यास

पाण्याची पातळी, पंख्याचा पट्टा, जाळीत अडकलेला काडीकचरा व इंजिनातील तेल ह्या गोष्टी अनुक्रमे पाहाव्या. क्षारयुक्त पाणी वापरल्यास आतील पोकळीत खपली धरते व उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून शक्य तेथे साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. तापलेल्या इंजिनाचे पाण्याचे झाकण एकदम उघडू नये आणि त्यात थंड पाणीही ओतू नये. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने हेडला तडा जातो.

इंजिन चालते, पण टिलर पुढे जात नाही

येथे दोष बहुधा पट्ट्यांचा किंवा क्लचचा असतो. पट्टे सैल झाले, त्यांवर तेल सांडले किंवा ते झिजले की ते पुलीवर घसरतात व जळका वास येतो. पट्टे माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ताणावे. अनेक पट्ट्यांपैकी एकच बदलू नये. नवा व जुना एकत्र चालविल्यास सर्व ताण नव्यावर पडतो. टिलर एका बाजूस वळत नसेल तर त्या बाजूच्या स्टिअरिंग क्लचची तार तपासावी.

चिखलात फिरणाऱ्या पात्यांच्या दांड्यावर गवत, पेंढा व सुतळी गुंडाळली जाते. ती ऑइल सील कापते आणि त्यातून चिखलपाणी गिअरपेटीत शिरते. गिअरचे तेल दुधासारखे पांढरट दिसले की पाणी शिरले असे निश्चित समजून सील व तेल दोन्ही बदलावे. तसेच काम केल्यास बेअरिंगे जातात.

काय उघडू नये

इंधनपंपाचा आतील दट्ट्या व त्याचे आवरण ही जोडी एकमेकांसाठी घासून तयार केलेली असते. त्यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. बांधावर ती उघडली व धुळीचा एक कण आत गेला तरी पंप निकामी होऊ शकतो. पंप, नॉझल व गव्हर्नर ह्यांची जुळवणी कार्यशाळेतच करून घ्यावी.

जिवाची काळजी

पात्यांत अडकलेला कचरा काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे. केवळ क्लच सोडणे पुरेसे नाही. मागे चालताना पाती फिरती ठेवू नयेत. नॉझलची फवार तपासताना हात पुढे धरू नये. ती कातडी भेदून आत शिरते. जखम लहान दिसली तरी लगेच रुग्णालयात जावे. बंद खोपटात इंजिन चालवू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. तीव्र उतारावर उतरताना स्टिअरिंग क्लचचा परिणाम उलटा होतो. ज्या बाजूचा दांडा ओढावा तिच्या विरुद्ध बाजूस टिलर वळतो. हे न जाणल्यामुळे टिलर बांधावरून खाली जाण्याचा धोका असतो.

मृगापूर्वीची तयारी

डिझेल गाळून भरावे, पिंपाच्या तळाचा गाळ ढवळू नये आणि सायंकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी साचते. गाळणी, पट्ट्यांचा एक संच, तांब्याचे वॉशर, पात्यांचे बोल्ट व योग्य मापाचे पाने घरात असावेत. यंत्र किती तास चालले आणि तेल केव्हा बदलले ह्याची नोंद एका वहीत ठेवावी. वैशाखात खर्च केलेला एक दिवस आषाढातील चार दिवस वाचवितो. यंत्र विकत घेतल्याने शेती वेळेवर होत नाही. ते वेळेवर चालते ठेवल्याने होते.