संसार मोडला तरी मुलांचा हक्क मोडत नाही : पोटगी आणि सरकारी योजनांसाठी अर्ज कसा करावा?

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आपल्याकडे पहिली बैठक घरात बसते, दुसरी वस्तीत किंवा विहारात. चार वडीलधारी माणसे दोन्ही बाजू ऐकतात आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर काहीतरी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. भांडण मिटल्याचे समाधान सगळ्यांना मिळते. बाई मुलांना घेऊन माहेरी येते. पुढे शाळेची फी, दवाखाना, घरभाडे आले की तो कागद कुणाच्याही उपयोगाचा नाही, हे लक्षात येते. कधी कधी तो तिच्याच विरोधात वापरला जातो.

म्हणून पोटगी आणि योजनांची माहिती प्रत्येक महिला मंडळाने आणि विहार समितीने करून घ्यावी, असे सामाजिक कार्यकर्ती म्हणून मला वाटते.

आधी तो स्टॅम्प पेपर

घटस्फोट न्यायालय देते. नोटरीपुढे लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. आमच्यात तशी रूढी आहे असे कुणी म्हणत असेल, तर ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न करणारा माणूस द्विभार्याप्रतिबंधक तरतुदीत अडकू शकतो.

दुसरा धोका मोठा आहे. पोटगीच्या कायद्यात असे कलम आहे की, लग्न कायम असताना पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील, तर पत्नीला पोटगी मागता येत नाही. स्टॅम्प पेपरवर नेमके हेच वाक्य असते : ‘आम्ही दोघे राजीखुशीने वेगळे राहत आहोत.’ मारहाणीला कंटाळून किंवा घराबाहेर काढल्यामुळे माहेरी आलेल्या बाईनेही त्याखाली सही केलेली असते. तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये. सही झालीच असेल तरी हातपाय गाळू नयेत. ती कोणत्या परिस्थितीत झाली, हे न्यायालयात सांगता येते. मुलांचा हक्क तर वेगळाच आहे. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलांची सुटत नाही.

आपण बौद्ध, मग कायदा कोणता?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या कलम 2 नुसार तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी समाजात जुनी आहे. पण आज घटस्फोट, मुलांचा ताबा यांचे अर्ज याच कायद्याखाली होतात.

पोटगीसाठी मात्र सर्व धर्मांना सारखा लागू असणारा सोपा रस्ता आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 होते. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 आले आहे. त्याखाली पत्नी, अल्पवयीन मुले आणि वृद्ध आई-वडील पोटगी मागू शकतात. घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही मागू शकते. मूल विवाहातून झालेले असो वा नसो, त्याचा हक्क सारखाच.

मारहाण, छळ, घरातून हाकलणे असे घडले असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खालीही अर्ज करता येतो. त्यात खर्चाच्या रकमेबरोबर राहण्याची सोय, संरक्षण आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात.

मुलगी अठरा वर्षांची झाली की सगळे संपले, असेही नाही. अविवाहित आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 याच्या कलम 20 नुसार वडिलांकडे खर्च मागता येतो.

अर्ज कुठे आणि कसा?

नवऱ्याच्या गावालाच जावे लागेल, ही भीती नको. पत्नी सध्या जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. शहरात कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

वकिलाचा खर्च हा दुसरा अडसर. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. हेल्पलाइन क्रमांक 15100.

सोबत ठेवायचे कागद :

• लग्नाचा पुरावा : नोंदणी दाखला, नसेल तर विहारातून किंवा संस्थेकडून मिळालेला विवाह दाखला, लग्नपत्रिका, फोटो
• मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड, फीच्या पावत्या, औषधोपचाराची बिले
• आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक
• नवऱ्याच्या कमाईबद्दल जे हाती असेल ते : पगारपत्रक, कंपनीचे ओळखपत्र, गाडीचा किंवा जमिनीचा कागद, दुकानाचा फोटो
• पोलिसांत तक्रार केली असेल तर तिची प्रत

रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्यामुळे नवऱ्याला केवळ ‘मला काही कमाई नाही’ म्हणून सुटता येत नाही. अंजू गर्ग प्रकरणात 2022 मध्ये याच न्यायालयाने म्हटले की, धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पत्नी-मुलांना पोसले पाहिजे. प्रतिज्ञापत्र बाईलाही द्यावे लागते. शिवणकाम, धुणीभांडी यांतून काही मिळत असेल तर ते लपवू नये. थोडी कमाई आहे म्हणून पोटगी नाकारली जात नाही. खोटे बोलणे उघडे पडले तर मात्र अर्जाचे नुकसान होते.

दोन तारखा विसरू नका

पहिली, अर्जाची तारीख. त्याच निकालानुसार पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते. वेगळे झाल्याच्या तारखेपासून नाही. ‘बघू, मन वळेल’ म्हणत दोन वर्षे थांबलात आणि नंतर महिना 5,000 रुपये मंजूर झाले, तर त्या दोन वर्षांचे 1,20,000 रुपये मुलांच्या तोंडचे गेले. समेटाची बोलणी अर्ज दाखल करूनही चालू ठेवता येतात. अर्जाबरोबरच अंतरिम पोटगी मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तिचा निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तरी प्रत्येक तारखेला वकिलाला आठवण करून द्यावी.

दुसरी, थकबाकीची तारीख. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. न्यायालय वसुलीचे वॉरंट काढू शकते. तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. नवरा नोकरीत असेल तर पगारातून कपातीची मागणी करता येते. रोख पैसे घेऊ नयेत. खात्यावर घ्यावेत, म्हणजे किती आले आणि किती थकले याची नोंद राहते.

सरकारी योजना

पोटगीचा निकाल लागेपर्यंत चूल पेटती ठेवायची असते. त्यासाठी हे अर्ज एकाच वेळी करावेत.

1. शिधापत्रिका. सासरच्या कार्डातून आपले आणि मुलांचे नाव कमी करून तहसीलच्या पुरवठा शाखेतून स्वतंत्र कार्ड घ्यावे. अन्न सुरक्षा कायद्यात कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून स्त्रीचेच नाव अपेक्षित आहे. पुढच्या उत्पन्न दाखल्यासाठीही हे कार्ड कामी येते.

2. बालसंगोपन योजना. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या या योजनेत घटस्फोट, विभक्त होणे किंवा परित्याग यांमुळे एकाच पालकाकडे असलेली 18 वर्षांखालील मुले बसतात. दर बालकामागे महिना 2,250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते.

3. संजय गांधी निराधार अनुदान योजना. महिना 1,500 रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या आणि घटस्फोट होऊन पोटगी न मिळालेल्या स्त्रिया यात येतात. अर्ज तहसील कार्यालयात. इथे न्यायालयीन कागद लागतो. स्टॅम्प पेपर चालत नाही.

4. लाडकी बहीण योजना. 2024 पासूनच्या या योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियाही आहेत. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर हा लाभ मिळत नाही. पैसे सासरच्या माणसांच्या हातात असलेल्या खात्यात जात असतील तर आधार जोडणी आपल्या खात्याला करून घ्यावी.

योजनेचा पैसा मिळतो म्हणून बापाची जबाबदारी कमी होत नाही. दोन्ही हक्क वेगळे आहेत.

जातीच्या दाखल्याचे काय?

हा मुद्दा आपल्या मुलांसाठी फार मोलाचा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो बहुधा वडिलांच्या बाजूचा मागतात. संबंध पूर्ण तुटल्यावर आजोबांचा शाळेचा दाखला मिळवणे अवघड जाते. मूल पहिलीत असतानाच नवऱ्याचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती मिळवून ठेवाव्यात. बैठकीत काही लिहून घ्यायचेच असेल तर हे कागद देण्याचे कबूल करून घ्यावे. दहावीनंतर शिष्यवृत्ती आणि प्रवेश त्यावरच अवलंबून असतात.

समाजाने काय करावे?

समेट घडवण्याचा प्रयत्न जरूर व्हावा. तो झाला नाही, तर बैठकीतल्या माणसांनी स्वतः न्यायाधीश होऊ नये. बाईला विधी सेवा समितीपर्यंत सोबत करावी, अर्ज भरायला शिकलेल्या मुला-मुलींना हाताशी द्यावे, तलाठी आणि तहसीलच्या खेपांना कुणीतरी बरोबर जावे. आणि ‘पोटगी मागते म्हणजे पैशासाठी नवऱ्याला कोर्टात खेचते’ ही भाषा थांबवावी. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या समाजात ती शोभत नाही.

अडचणीच्या वेळी महिला हेल्पलाइन 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक विहाराच्या फलकावर आजच लिहून ठेवा.

जय भीम.