पदराआडचं हसू

"बाईच्या जातीनं असं खिदळू नये!" हे वाक्य कधी ऐकलं नाही, अशी एक तरी बाई सापडेल का हो? मोठ्यानं हसू आलं की आपला हात आपोआप पदराकडे जातो.

पण मैत्रिणींनो, शास्त्र काय म्हणतं बघा. खळखळून हसताना मेंदूत एंडॉर्फिन नावाची द्रव्यं पाझरतात. म्हणजे शरीरानं स्वतःच तयार केलेलं वेदनाशामकच! फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी मित्रांबरोबर हसलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन काढून २०१७ मध्ये हे दाखवलं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०११ मध्ये सांगितलं होतं की हसून झाल्यावर माणूस दुखणं जास्त सोसू शकतो. मात्र हसणं पोट हलवणारं हवं, गालातल्या गालातलं नव्हे. आणि एकट्यापेक्षा चारचौघांत आपण तीसपट जास्त हसतो, असं अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांचं निरीक्षण.

आता कळलं ना, बचत गटाचा हिशेब पंधरा मिनिटांत उरकला तरी बायका तासभर का हलत नाहीत ते!

आमच्या गटातली एक सभासद नवरा गेल्यावर चार महिन्यांनी बैठकीला आली. पापड लाटताना कुणाच्या तरी पापडाचा भारताचा नकाशा झाला. सगळ्या हसल्या, तीही पोट धरून हसली आणि लगेच दचकून गप्प झाली. एक काकू बोलल्याच, "एवढ्यात हसायला लागली?" मला फार राग आला. अहो, हसली म्हणून तिचं दुःख का कमी झालं? जिवाला घटकाभर विसावा मिळाला, तोही आपल्याला बघवू नये?

मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन बागेत हास्यक्लब सुरू केला. आधी विनोद सांगायचे. चांगले विनोद संपले, मग बोचरे सुरू झाले, तशी काहींनी तक्रार केली. तेव्हा विनोदाशिवाय हसण्याचे व्यायाम निघाले. बरं झालं बाई! नाहीतर विनोद बहुधा बायकोवरच असतात.

हर्निया असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी आठवडेच्या आठवडे उदास असेल, झोप-भूक गेली असेल, तर "हस की जरा" म्हणू नका. तिला डॉक्टरकडे न्या.

हास्यक्लब सकाळी भरतात, तेव्हा आपल्याला पाणी आणि डबे! म्हणून आम्ही दुपारी तीनची वेळ ठेवलीय. ती सभासदही येते. काकूसुद्धा येतात.